नको म्हणायची सवय

इथे परदेशात हायस्कूललाच कॉलेज म्हणतात. लेकीच्या कॉलेजची शेजारच्या कॉलेजशी दरवर्षी चुरशीची फुटबॉल मॅच होते, ती बघायला आम्ही दोघं अप्पर हट गावातल्या मैदानावर गेलो होतो. पालकांनी गाड्यांच्या डिक्या उघडून खाणं मांडलं होतं. भाजलेल्या सॉसेजेसचा आणि कांद्याचा वास सुटला होता. गोलकीपरच्या आईने प्लेट पुढे केली. मी म्हणाले, "नको, नको, आत्ताच खाऊन आलोय." पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं. ती हसून पुढे गेली. परत विचारेल म्हणून मी अख्खी मॅच वाट बघितली.

"इतकी वर्षं झाली, अजून तुला आग्रह लागतो," नवरा वैतागून म्हणाला. नको तर त्यानेही म्हटलं होतं!

लेकीची टीम हरली. ती चिखलाने माखून आली आणि इंग्रजीत म्हणाली, सगळे गोलकीपरच्या घरी जेवायला चाललेत, तुम्ही येताय का?

"नको गं, तू जा."

"स्वीट अ‍ॅज," म्हणजे इथल्या बोलीत 'बरं, चालेल', असं म्हणून ती त्यांच्या गाडीत जाऊन बसली.

मी तिथेच उभी राहिले. पोटची पोर तरी दुसऱ्यांदा विचारेल, असं वाटलं होतं.