ट्रॅमेलला दिलं ते बरं केलं का

बर्निस कुबाकीचा आवाज अमेरिकेतल्या टोलेडो शहरानं जन्मात एकदाच ऐकला, आणि तोही जेमतेम दोन मिनिटं. तिच्या नवऱ्याचा आवाज मात्र शहराला पाठ होता. रोज संध्याकाळी पाच वाजता रेडिओवर खेळाच्या गप्पांचा कार्यक्रम लागायचा, लोक फोन करून आपापली अक्कल पाजळायचे, आणि पाच वाजून दहाच्या सुमाराला रस्टी नावाचा निवेदक म्हणायचा, "आणि आता नॉर्थ एंडहून, अर्थातच, चेस्टर."

चेस्टरला काचेच्या कारखान्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. स्वयंपाकघरात भिंतीवर फोन होता. ताणून ताणून सैल झालेली त्याची वेटोळ्यांची वायर हातात गुंडाळत, गंजीफ्रॉकवर उभा राहून, हा माणूस समोर कुणी नसताना हातवारे करायचा. बोलताना जवळचा रेडिओ बंद ठेवावा लागे, नाहीतर आवाज घुमतो. म्हणून बर्निस वर झोपायच्या खोलीत जाऊन तिथला छोटा रेडिओ लावायची. जिन्यातून तिला नवऱ्याचं वाक्य आधी खरं ऐकू यायचं आणि सात सेकंदांनी तेच रेडिओतून. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्याचं प्रत्येक म्हणणं निदान दोनदा ऐकायची तिला सवय झालेली होती, त्यामुळे त्याचं तिला काही वाटत नसे.

गेली दोन वर्षं चेस्टरचं पालुपद एकच होतं. कॅल्विन ट्रॅमेलला देऊन टाका.

ट्रॅमेल अकरा वर्षं टोलेडोच्या बास्केटबॉल संघात खेळत होता. शहरातल्या निम्म्या पोरांच्या पाठीवर त्याचं नाव होतं. पण त्याच्या डाव्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती.

"कुणी घेतंय तोवर द्या," चेस्टर म्हणायचा. "गुडघा एकदा कापला की गेला. तेहतिशीचा माणूस आहे तो. आज त्याच्या बदल्यात उंच, कोवळा पोरगा मिळेल. पुढल्या वर्षी कुणी पाण्याची बाटलीसुद्धा देणार नाही."

तो चुकत नव्हता, ही खरी पंचाईत. बर्निसनं त्याच कारखान्यात एकोणीस वर्षं ग्लास तपासले होते. पट्ट्यावरून येणारा प्रत्येक ग्लास उजेडात धरायचा, आत बुडबुडा दिसला की खालच्या पेटीत टाकायचा. पेटीत पडून फुटताना त्याचा आवाज व्हायचा, पण तिकडे बघायला वेळ नसायचा. निकामी वस्तू ठेवून चालत नाही हे तिला कुणी रेडिओवरून शिकवायची गरज नव्हती.

पण त्या एकोणीस वर्षांच्या सिमेंटच्या फरशीनं तिचाही डावा गुडघा खाल्ला होता. ट्रॅमेलचा गुडघा पहिल्यांदा गेला त्याच हिवाळ्यात तिचाही दुखायला लागला. टीव्हीवर ट्रॅमेल पडला की ती त्याचं उठणं बघायची. आधी डावा हात जमिनीवर, मग उजवा पाय, मग क्षणभर थांबणं, आणि मग तोंडावर काहीच न दाखवता धावायला लागणं. अगदी असंच, ती मनात म्हणायची. एवढ्या मोठ्या शहरात तिचं दुखणं नेमकं कळणारा एकच माणूस होता, तो सहा फूट पाच इंच उंच होता, आणि ही बाई जगात आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं.

घरात तिनं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. जिना ती बसून उतरायची, एकेक पायरी, चेस्टर सकाळ-संध्याकाळ पेपर आणायला गेला की. चारच्या सुमाराला कपड्यांच्या घड्या घालायच्या म्हणून वर जायची आणि सहापर्यंत खाली यायची नाही. चेस्टरला वाटायचं, आपलं बोलणं मन लावून ऐकतेय. नवऱ्यांना असल्या गोष्टी पटकन पटतात.

जानेवारीत डॉक्टरांनी सांगून टाकलं, सांधा बदलायला हवा. मार्चमधली तारीख आहे, फेब्रुवारीअखेरपर्यंत कळवा. नंतर सहा आठवडे घरात कुणीतरी चोवीस तास लागेल, तेव्हा नवऱ्याला घेऊन या. बर्निसनं डॉक्टरांचं कार्ड पर्समध्ये टाकलं आणि मूग गिळून बसली. जानेवारी गेला, फेब्रुवारी अर्धा गेला.

चेस्टर आपल्याला टाकून देईल असलं काही तिच्या मनात नव्हतं. ती वेडी नव्हती. तिला भीती होती ती त्याच्या नजरेची. ट्रॅमेल लंगडत धावायला लागला की चेस्टर डोळे बारीक करायचा आणि मनातल्या मनात काहीतरी वजा करायचा. त्या नजरेनं त्यानं एकदा जरी आपल्याकडे पाहिलं, तर आपल्याला ते सोसणार नाही, असं तिला वाटायचं. त्यापेक्षा गुडघा दुखलेला बरा.

आणि फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपायला तासभर असताना, टोलेडोनं ट्रॅमेलला खरंच देऊन टाकलं. बदल्यात पश्चिमेकडच्या एका संघाकडून लॅमॉन्ट पाइक नावाचा बावीस वर्षांचा, सात फुटी पोरगा आला. शहरात सुतक आल्यासारखं झालं. चेस्टर बातमी ऐकून गॅरेजमध्ये गेला, बराच वेळ आला नाही. आनंद पोटात मावत नसेल, बर्निसला वाटलं. तिनं त्याचं ताट झाकून ठेवलं आणि त्याच्याशी न बोलता वर गेली.

दुसऱ्या दिवशी ईस्टरआधीच्या उपासांचा पहिला शुक्रवार. दर शुक्रवारी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये माशांचं जेवण असे. पुरुषांनी मासे तळायचे, बायकांनी बटाट्याचं सारण भरून पिएरोगी करायच्या, करंजीसारखी कडेला मुरड घालायची, आणि सगळ्या नॉर्थ एंड वस्तीनं रांगेत उभं राहून जेवायचं. चेस्टर कढईपाशी उभा राहिला आणि पहिल्याच माणसानं ताट मागे घेतलं.

"तुझ्या हातचा नको. दुसऱ्या कुणाला तरी वाढायला सांग."

"मी विकला काय रे त्याला?"

"दोन वर्षं बोंबलत कोण होतं मग?"

फादर स्टॅननी जेवणाआधीच्या प्रार्थनेत, दूर पाठवलेल्या आपल्या बांधवांसाठी आणि त्यासाठी फोन करणाऱ्यांच्या आत्म्यासाठीही, देवाकडे मागणं मागितलं. हॉल हसून हसून बेजार. चेस्टरची सख्खी बहीण वांडा पिएरोगीच्या टेबलावरून ओरडली, "गरज सरो, वैद्य मरो. आमच्या आईनं असं शिकवलं नव्हतं हो."

"घोडामैदान जवळच आहे," चेस्टर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "प्रेम वेगळं आणि खेळ वेगळा. जे उद्या निकामी होणार ते आज कवटाळून बसायचं नसतं."

बर्निस मुरड घालत होती, दुपारी एकपासून उभी. तिनं सगळा भार उजव्या पायावर टाकला होता आणि एक कोपर टेबलावर रोवलं होतं. वांडानं ते पाहिलं.

"बस की जरा."

"बसले तर उठवणार कोण?"

"दादाला सांगितलंस?"

"त्याचं मत मला ठाऊक आहे," बर्निस म्हणाली.

"अगं, ते बास्केटबॉलचं."

"कळतं मला ते बास्केटबॉलचं आहे. पण गुडघा तो गुडघाच ना."

वांडानं तोंड उघडलं, पण बर्निसनं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं पुढची पिएरोगी उचलली.

सोमवारी रस्टीनं अख्खा तास एकाच प्रश्नाला दिला होता, ट्रॅमेलला दिलं ते बरं केलं का. वीस-बावीस लोकांनी शिव्या घातल्या. एक बाई रडली. मग चेस्टर लाइनवर आला. बर्निस वर पलंगावर पाय लांब करून बसली होती. आज आवाज थोडा बसलेला होता त्याचा, पण मुद्दा तोच. पाइक वीस वर्षं खेळेल. ट्रॅमेल उतरणीला लागलाय.

"कापलेल्या गुडघ्याची दया करून चालत नाही, रस्टी," जिन्यातून ऐकू आलं. "एकदा दया केली की सगळं घरच बसतं."

बर्निस हे सात सेकंदांनी पुन्हा ऐकायला तयार नव्हती. तिनं रेडिओ बंद केला. पलंगाशेजारी त्याच लाइनीचा एक फोन होता, मुली घरात असताना घेतलेला. तिनं तो उचलला.

"रस्टी, मी बर्निस. चेस्टरची बायको. वरून बोलतेय."

"बोला, बाई," रस्टी म्हणाला.

"मला या गृहस्थांना एक विचारायचंय. डावा गुडघा आहे. पासष्ट वर्षांचा. एकोणीस वर्षं सिमेंटवर उभा राहिलाय. डॉक्टर म्हणतात कापायला हवा. तर अशी बाई ठेवायची की देऊन टाकायची?"

"बर्नी, फोन ठेव. मी रेडिओवर आहे."

"मीपण आहे."

"कुणाचा गुडघा?"

"घरात गुडघे किती आहेत, चेट? दोन तुझे. उरले कुणाचे?"

मग चेस्टरनं विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तूच सांगत होतास ना मला. रोज, पाच-दहाला."

शहरातल्या गाड्यांमध्ये, न्हाव्याच्या दुकानात, स्वयंपाकघरांत, सगळीकडे लोकांनी रेडिओचा आवाज वाढवला. मग रिसीव्हर भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. मग पावलं. बर्निसच्या फोनमधून नॉर्थ एंडच्या त्या घराचा जिना शहरानं ऐकला, एकेक पायरी, मध्ये एकदा दम खायला थांबलेला अडुसष्ट वर्षांचा माणूस, आणि पुन्हा पायऱ्या. रस्टीनं जाहिरात लावली नाही. लावली असती म्हणून त्याची नोकरी गेली नसती, पण गावानं त्याला माफही केलं नसतं.

चेस्टर दारात उभा राहिला. बर्निसनं त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. दोन वर्षं जे टाळलं ते आता बघूनच टाकावं म्हणून पाहिलं. तो काही मोजत नव्हता. घाबरला होता नुसता. तो कण्हत खाली बसला आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"डावा," बर्निस म्हणाली.

त्यानं हात पलीकडे नेला. "जिना कशी उतरतेस?"

"बसून."

"रोज?"

"तू पेपर आणायला गेलास की."

त्यानं हात तसाच तिथं राहू दिला. मग म्हणाला, "गुरुवारी मी गॅरेजमध्ये रडलो, बर्नी. ट्रॅमेल गेला म्हणून. अकरा वर्षं बघतोय त्याला. माझ्या घरातलं माणूस उचलून नेलं कुणीतरी, असं झालं."

"मग ते रेडिओवर का नाही सांगितलंस?"

"असलं कुणी रेडिओवर सांगतं का?"

बर्निसच्या मांडीवरच्या फोनमधून बारीक आवाज आला. "चेस्टर," रस्टी म्हणत होता, "लाइन चालू आहे."

मार्चमध्ये बर्निसचा सांधा बदलला. सहा आठवडे चेस्टरनं घर सांभाळलं, म्हणजे कोबीच्या भाजीखेरीज काही केलं नाही आणि एक पातेलं जाळलं. सकाळ-संध्याकाळ तो तिचा पाय धरून वाकवायचा, डॉक्टरांनी सांगितलेल्या अंशापर्यंत, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं की स्वतःच ओठ चावायचा. पाच-दहाला फोन करायचं त्यानं सोडलं नाही. जित्याची खोड ती. पण ट्रॅमेलचा विषय निघाला की "पुढचा विषय घ्या" म्हणायचा.

आणि सौदा तर शंभर टक्के बरोबर ठरला. पाइकनं पुढच्या मोसमात सगळ्या संघांना घाम फोडला. ट्रॅमेल तिकडे बाकावरच जास्त दिसायचा. गावानं चेस्टरच्या पाठीवर थापा मारल्या. ज्यानं त्या शुक्रवारी ताट मागे घेतलं होतं त्यानं दोनदा मासे मागून घेतले.

त्याच मोसमात, जानेवारीत, ट्रॅमेलचा नवा संघ टोलेडोला खेळायला आला. गेलेला खेळाडू पहिल्यांदा परत आला की सामन्याआधी त्याचं नाव पुकारायचं आणि घरच्या लोकांनी उभं राहायचं, असा रिवाज. मुलींनी ख्रिसमसला दोघांना तिकिटं दिली होती, वरच्या मजल्यावरची. बर्निस सगळ्या पायऱ्या चढून गेली, कठड्याला हात न लावता. चेस्टर एक पायरी खाली राहून मागून चढला.

नाव पुकारलं. ट्रॅमेल परक्या रंगाच्या जर्सीत मैदानाच्या मधोमध आला, हात वर करावा की नको असा उभा राहिला, आणि अठरा हजार माणसं उठली. बर्निसही उठली. चेस्टर मैदानाकडे बघत नव्हता. ती उठून सरळ उभी राहीपर्यंत त्याचा हात तिच्या कोपराखाली होता, न लावता धरलेला. मग त्यानं वर पाहिलं आणि टाळ्या वाजवायला लागला.

टाळ्या थांबेनात. मागच्या रांगेतल्या एकानं वाकून पाहिलं. "तुम्ही रेडिओवरचे चेस्टर ना? तुम्हीच याला घालवलंत."

"हो."

"आणि बरोबर ठरलात की. आता रडताय कशाला?"

चेस्टरनं चष्मा काढला. "बरोबर ठरलो म्हणूनच," तो म्हणाला.

बर्निसनं त्याच्या दंडात हात घातला. टाळ्या संपेपर्यंत ती उभी राहिली. मग दोघं खाली बसले, आधी ती, मग तो.