कवळीवरचे तीन ठिपके

आमच्या घरात पुस्तकांचं कपाट एकच, आणि त्यातल्या बहुतेक पुस्तकांत कुणाच्या तरी दातांची भानगड आहे. दातांवरून ओळख पटलेली प्रेतं, पोकळ दाढेत दडवलेलं विष, अर्धवट खाल्लेल्या पेरूवरून पकडलेला खुनी. खालच्या कप्प्यात दंतवैद्यकाची जाड इंग्रजी पुस्तकं, फुटपाथवरून आणलेली, मुखपृष्ठं गेलेली. ही सगळी जमवाजमव माझ्या वडिलांची. बाबा कवळ्या बनवायचे. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं, आणि भाईंदर पूर्वेला नवघरच्या आमच्या दोन खोल्यांत त्या कपाटाचं काय करायचं यावरून आई आणि मी अजून भांडतोय. आई म्हणते, देऊन टाक. मी म्हणते, बघू. त्यातलं एक पुस्तक मी लिहिलेलं आहे, हे तिला माहीत आहे. ते मला का नकोसं झालंय, ते मी तिला सांगितलेलं नाही.

कवळी डॉक्टर बनवतो असा लोकांचा समज असतो. डॉक्टर तोंडाचं माप घेतो, बस्स. ते माप लॅबमध्ये जातं. तिथे एक माणूस त्यात प्लास्टर ओततो, साचा काढतो, मेणात एकेक दात बसवतो, मग मेण वितळवून त्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरतो, गरम पाण्यात शिजवतो, घासतो, चकाकी आणतो. या माणसाला मेकॅनिक म्हणतात. शाळेत मी 'वडील मेकॅनिक आहेत' म्हटलं की बाई विचारायच्या, कुठल्या गॅरेजात? भाईंदर पश्चिमेला बाजाराच्या मागे खाली एका डॉक्टरांचा दवाखाना आणि वर पोटमाळ्यावर बाबांची लॅब. ॲक्रिलिकचा तो झोंबरा वास त्यांच्या शर्टाला यायचा, डब्यातल्या पोळीला यायचा, दिवाळीत उटणं लावल्यावरही यायचा.

पेशंटसमोर मेकॅनिकने यायचं नाही, अशी दवाखान्याची रीत होती. त्यामुळे बाबा जिन्यात उभे राहून ऐकायचे. दात मेणात बसवून झाले की पेशंटच्या तोंडात घालून त्याला बोलायला लावतात. इंग्रजी पुस्तकांत त्यासाठी इंग्रजी आकडे म्हणवून घ्या असं लिहिलेलं आहे. आमच्या मावश्या-काकूंना ते कुठून जमणार? बाबांनी स्वतःचं वाक्य काढलं : सासूबाईंनी सोमवारी साखर सांडली. खाली खुर्चीत बसलेलं माणूस हे म्हणायचं आणि जिन्यात उभ्या बाबांना कळायचं. 'स'ची शीळ वाजली तर पुढचे दात केसभर हलवायचे. मग ते वर जाऊन पुन्हा मेण तापवायचे.

आणि प्रत्येक खालच्या कवळीला, उजवीकडे, जिभेच्या बाजूने, ते बारीक सुईने तीन ठिपके काढायचे. त्रिकोणात. डॉक्टरांना ते कधी दिसले नाहीत. "जिभेलासुद्धा कळत नाही," बाबा म्हणायचे, "पण आहेत." मला ते त्यांनी भिंगाखाली दाखवले तेव्हा मी सातवीत होते आणि हे गुपित मी वर्गात कुणालाही सांगितलं नव्हतं.

एकदाच एक बाई दवाखाना ओलांडून थेट वर आली. जुन्या भाईंदरातली म्हातारी कोळीण होती. कनवटीची पुरचुंडी सोडून तिने कवळी बाबांच्या हातावर ठेवली. "ही ज्यानं केली तो तूच हायस ना? डाक्टरला काय इचारू, त्यानं थोडीच केलीय. ओला बोंबील जातो, पन सुकं चावत न्हाय." प्लास्टरच्या गोणीवर बसून तिने तासभर वाट पाहिली, कवळी घातली, सोबत आणलेला सुका बोंबील तिथेच चावून बघितला आणि गेली. बाबा हा किस्सा पुढे वीस वर्षं सांगत होते. इतक्या वर्षांत कुणीतरी त्यांना शोधत आलं होतं.

रहस्यकथा ते पेन्सिल घेऊन वाचायचे. समासात बारीक अक्षरात शेरे असायचे. 'पेरूवर चावा टिकतो, पण दोन दिवसांनी नाही.' 'एवढ्या विषाने दाढ आधीच किडली असती.' आणि जवळजवळ प्रत्येक कथेत तो एक प्रसंग यायचाच : पोलीस कवळी घेऊन दंतवैद्याकडे जातात, तो चष्मा पुसतो, एक नजर टाकतो आणि म्हणतो, ही माझीच. तिथे बाबांची पेन्सिल कागद फाटेल इतकी दाबलेली असायची. 'खोटं. यानं बनवलेली नाही.' पुस्तक बदललं तरी शेरा तोच.

"पोलिसांना लॅबवाला सुचत नाही ते समजू शकतो," ते मला म्हणायचे. "लेखकालाही सुचू नये? एकदा तरी कुणी वर येऊन विचारा की." मी कॉलेजात कथा लिहून बक्षिसं मिळवत होते. ते म्हणाले, तू लिही. एकाच पुस्तकात का होईना, बनवणाऱ्याला विचारलं जाऊ दे. मी म्हटलं, लिहीन. त्यांनी माझ्याकडे उभ्या जन्मात मागितलेली ही एकच गोष्ट.

मध्यंतरी खालच्या डॉक्टरांनीच पुस्तक काढलं. दातांची निगा, सर्वांसाठी, सोप्या मराठीत. कवळीवरचं प्रकरण बाबांच्या वहीतून जसंच्या तसं उचललेलं. वही बाबांनीच विश्वासाने दिली होती. सासूबाई, सोमवार, साखर, सगळं छापलेलं, आणि वर लिहिलेलं : 'मी माझ्या रुग्णांना नेहमी हे वाक्य म्हणायला लावतो.' ऋणनिर्देशात पत्नी, चिरंजीव, गुरुजन, अक्षरजुळणी करणारा. बाबा नाहीत. मी जाऊन त्याच्या टेबलावर ते पुस्तक आपटते म्हणाले, चोर म्हणाले, आणखीही बरंच म्हणाले. बाबा पान बत्तीस उघडून बसले होते. "पाण्यात ठेवायची वेळ चुकीची छापलीय," ते म्हणाले. "हे वाचून कुणी केली तर कवळी वाकडी होईल." त्यांनी डॉक्टरांना ती एक चूक कळवली. पुढची कित्येक वर्षं घरात कुणी पाहुणा आला की मी त्या डॉक्टरचा उद्धार करायचे. त्यात मला सुखही वाटायचं, हे आता कबूल करते.

चाळिशी उलटल्यावर मी कादंबरी लिहिली. विमा कंपनीतलं ऑफिस सांभाळून, रविवारी सकाळी स्वयंपाकघरात बसून. मिठागराजवळच्या झोपडीत जळालेला मृतदेह, राखेत एक कवळी, कवळीवर तीन ठिपके, आणि ते ओळखणारा पोटमाळ्यावरचा मेकॅनिक. बाबांना मी रोज काही ना काही विचारायचे. ते सुटाबुटात मुलाखत दिल्यासारखे ताठ बसून उत्तरं द्यायचे.

प्रकाशकाला कादंबरी आवडली. "फक्त हा मेकॅनिक कोण, ते कळत नाही हो. वाचकाला समजावत बसावं लागतं. डॉक्टर करा. देखणा, विधुर. मालिका होईल." मी दोन दिवस विचार केला असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे फोन ठेवायच्या आधीच माझं ठरलं होतं. कॉम्प्युटरने 'मेकॅनिक'च्या जागी 'डॉक्टर' शब्द पाच मिनिटांत बदलून दिला. एका जागी 'कारचा मेकॅनिक' होता, त्याचा 'कारचा डॉक्टर' झाला आणि तसाच छापलाही गेला. तीन ठिपकेही डॉक्टरचे झाले. बाबांना मी सांगितलं, छापताना थोडे बदल झालेत. ते म्हणाले, "होतात."

पश्चिमेच्या एका वाचनालयात कार्यक्रम झाला. बाबा तिसऱ्या रांगेत, कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडात त्यांच्या स्वतःच्या हातची कवळी. एका निवृत्त गृहस्थांनी उठून विचारलं, "मॅडम, दातांचा इतका बारीक अभ्यास तुम्ही कुठे केलात?"

तिसऱ्या रांगेकडे बोट दाखवायचं होतं, एवढंच. पण बोट दाखवलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग नायक डॉक्टर कसा? शेजारी प्रकाशक बसला होता. आणि त्याहून खरं कारण हे, की आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला माइकवरून लेखिका म्हणालं होतं आणि ते मला कुणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं.

"वाचून," मी म्हणाले. "आमच्या घरी दातांवरची पुष्कळ पुस्तकं होती."

टाळ्या पडल्या. बाबांनीही वाजवल्या. वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं, त्यामुळे तर ते जास्तच नीच होतं. रिक्षा नवघरला आल्यावर ते म्हणाले, "छान बोललीस. 'स' अगदी स्वच्छ येतो तुझा."

आठवड्याने त्यांनी मला माझ्या पुस्तकाची त्यांची प्रत दिली. "थोड्या खुणा केल्यात. पुढच्या आवृत्तीला बघ." मला राग आला. इतरांच्या पुस्तकांसारखी माझ्याही पुस्तकात पेन्सिल चालवली, असा राग. आत काय लिहिलं असेल ते मला माहीत होतं, म्हणून तर राग. मी ती प्रत न उघडता कपाटावर, सुटकेसमागे टाकली. तीन वर्षं ती तिथेच होती. बाबांनी पुन्हा विचारलं नाही. डॉक्टर नायक असलेला दुसरा भाग मी त्याच काळात लिहिला.

बाबा एका सकाळी चहा पिता पिता गेले. हॉस्पिटलात नेलं, तिथे त्यांची कवळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्या हातात दिली. घरी आणलं तेव्हा तोंड आत गेलेलं, ते कुणी दुसरेच वाटत होते. काका म्हणाले, अंगावर कृत्रिम काही ठेवत नाहीत, चष्मा-कवळी काढूनच नेतात. आई कधी कुणाला उलट बोलत नाही. ती म्हणाली, "कृत्रिम कसली? त्यांच्या हातची आहे. घालूनच न्या." कवळी मीच बसवली. खालची बसवताना बोटाला ते तीन ठिपके लागले. जिभेला कळत नसतील, बोटाला कळतात. ओठ मिटले आणि बाबा पुन्हा बाबांसारखे दिसायला लागले.

अस्थी गोळा करायला काकांबरोबर मी गेले. सगळे पाणी शिंपडत होते आणि मी वेड्यासारखी राख चाळत होते. माझ्या कादंबरीत जळालेल्या देहाची कवळी शाबूत मिळते, ठिपके डॉक्टरच्या भिंगाखाली स्पष्ट दिसतात. इथे काहीच नव्हतं. काकांना वाटलं मला रडू आवरत नाहीये. त्यांनी मला बाजूला नेऊन बसवलं.

घरी येऊन आंघोळ केली आणि सुटकेसमागची प्रत काढली. तेच बारीक अक्षर. 'कारचा डॉक्टर' पुढे एक प्रश्नचिन्ह. राखेच्या प्रसंगापाशी : 'ॲक्रिलिक जळतं. काही उरत नाही. प्रेत खाडीत टाक, मग चालेल.' मग मी ते पान काढलं, जिथे डॉक्टर चष्मा पुसून म्हणतो, ही खूण माझी. समास कोरा होता. मला सुटल्यासारखं वाटलं. बाबांनी मला तरी सोडलं, असं वाटलं. मग दिसलं की त्या जागी कागद जरा खरखरीत आहे. मी पान खिडकीकडे तिरकं धरलं. रबराने खोडलेलं होतं, पण पेन्सिल इतकी दाबलेली की अक्षरांचे वळ राहिले होते.

'खोटं. यानं बनवलेली नाही.'

सगळ्या लेखकांच्या पुस्तकांत त्यांनी ते तसंच राहू दिलं. माझ्याच पुस्तकात खोडलं, मला लागू नये म्हणून. मी खालच्या डॉक्टरला वीस वर्षं चोर म्हणत आले, आणि मी त्याच्यापेक्षा जास्त चोरलं, कारण त्याला ठिपक्यांची खबरही नव्हती.

मी प्रकाशकाला फोन केला. नवीन आवृत्तीत नायक मेकॅनिक करूया म्हटलं. तो हसला. "मॅडम, लोक डॉक्टरला ओळखायला लागलेत. आता कसं बदलणार?" मी भांडायला हवं होतं. मी म्हटलं, बरं.

दुसरी आवृत्ती गेल्या महिन्यात आली. बाबांनी दाखवलेली प्रत्येक चूक मी सुधारली आहे. प्रेत आता खाडीत सापडतं. 'कारचा डॉक्टर' पुन्हा 'कारचा मेकॅनिक' झाला आहे. ऋणनिर्देशात बाबांचं नाव आहे, अक्षरजुळणी करणाऱ्याच्या खाली. डॉक्टर तसाच चष्मा पुसतो, कवळी उजेडात धरतो आणि म्हणतो, ही माझीच.