वर कोण आहे

कंटेनर म्हटलं की मला वसमतच्या मोंढ्याबाहेर हळद भरायला उभे असलेले ट्रकच आठवतात. करुणाने मला हे कितीदा समजावलं, आणि शेवटी ती हसायला लागली. "सर, ट्रक न्हाई. एक प्रोग्राम आन त्याला लागणारं सगळं सामान एका बंद डब्यात भरायचं. तो डबा म्हणजे कंटेनर. असे शेकडो डबे चालू असतात. त्यांना आपसात बोलायला जोडणी लागते, ते नेटवर्क." त्या जोडण्या सांभाळणारी एपीआय पायथॉनमध्ये रचणं हे तिचं काम. एपीआय म्हणजे एक खिडकी समजा. जोडणी बनवा, डबा जोडा, डबा सोडवा, जोडणी पुसून टाका, अशा मागण्या तिथे येणार, आणि कुठल्या मागणीला काय उत्तर जाईल हे करुणा ठरवणार. हट्टा गावातल्या आमच्या गल्लीत, पत्र्याच्या खोलीत बसून, पुण्याच्या कंपनीसाठी. ही एपीआय पसंत पडली तरच तिची नोकरी पक्की होणार होती.

शाळेत मी तिला गणित शिकवलं आहे. तिचा बाप नरसिंग मजुरी करायचा, पण तारांच्या आणि मोटारींच्या कामात त्याचा हात बसलेला होता. लाईन तुटली की वायरमन येईपर्यंत पीक माना टाकतं, म्हणून लोक नरसिंगला बोलवायचे. असं कुणाला खांबावर चढवू नये हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळेच चढवायचे. त्याचा नियम एकच होता. डीपीतले, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखालच्या पेटीतले, फ्यूज काढायचे, स्वतःच्या खिशात घालायचे, मगच वर चढायचं. ज्यानं काढले त्यानंच खाली उतरून लावायचे.

त्या दिवशीही फ्यूज त्याच्या खिशातच होते. त्याच डीपीवर मोटार असलेले शेतकरी संपतराव हळदीला पाणी द्यायला आले, डीपीत फ्यूज दिसले नाहीत, म्हणून त्यांनी तिथे सरळ तार टाकून वीज चालू केली. आमच्याकडे असं सर्रास चालतं. नरसिंग खांबावरच गेला.

करुणा तेव्हा बारावीत होती. पारावर बैठक बसली, नजरचुकीनं झालं म्हणून सगळ्यांनी हात झटकले, आणि त्या बैठकीला आमच्या गल्लीतून कुणालाही बोलावलं नाही. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. तिच्या आईनं, जनकाबाईंनी, दुसऱ्यांच्या शेतात निंदण-खुरपण करून पोरीला शिकवलं. करुणाने संपतरावांच्या शेताकडची वाट सोडली ती सोडलीच.

मी एकदा मोबाईलचं काहीतरी विचारायला गेलो, तेव्हा तिचा पुण्याच्या मॅडमशी, रागिणीबाईंशी, वाद चालला होता. करुणाने नियम घातला होता की जोपर्यंत एखादा डबा जोडणीवर आहे तोपर्यंत ती जोडणी पुसता येणार नाही. खिडकीतून 'चारशे नऊ' या आकड्याचा नकार जाईल. गिऱ्हाइकाला मात्र जबरदस्तीनं पुसायची सोय हवी होती. "ती मी देणार नाही," करुणा म्हणाली.

"मग ते तुझ्या खिडकीशी येणारच नाहीत," फोनमधून रागिणीबाई म्हणाल्या. "थेट मशीनवर जाऊन तोडतील. तुझ्या नियमाचा काय उपयोग?"

करुणाचा चेहरा उतरला. तिनं फोन ठेवला. मग म्हणाली, "सर, ही तर तारच झाली. नियम तर बाबांनी बी पाळला व्हता." आणि थोड्या वेळानं, "माझ्यासंगं संपतकाकांकडं चला."

मला जायचं नव्हतं. तरी गेलो.

संपतराव आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरापाशी, बाजेवर बसले होते. तिला पाहून उठून उभे राहिले. पाणी विचारायचं त्यांना सुचलं नाही.

"काका, तार टाकताना तुमी वर बघितलं काहून न्हाई?"

"बघितलं माय. पर खांब उसाच्या पल्याड व्हता. मला वाटलं, कुणी फ्यूज चोरून नेले. वर नरसिंग हाय, हे सांगाया तिथं काईच न्हवतं. त्याचं नाव कळलं असतं तर मी तारेला हात लावला असता का?"

त्यांच्यावर विश्वास ठेवायची माझी इच्छा नव्हती. पण माणूस खोटं बोलत नव्हता, एवढं मला कळलं.

परतताना करुणा म्हणाली, "बाबांनी फ्यूज खिशात नेले, आन त्याच्यासंगं त्यांचं नाव बी खिशातच गेलं."

दुसऱ्या दिवशी तिनं खिडकीचं उत्तर बदललं. नुसता नकार नाही. जोडणीवर कोणकोणते डबे आहेत, ते कुणाचे, काय काम करतात, हे नावानिशी सांगायचं. आणि तरीही ज्याला तोडायचंच असेल, त्यानं ती नावं एकेक करून स्वतःच्या मागणीत लिहायची. एखादं राहिलं तर पुन्हा नकार. रागिणीबाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "हे त्यांना मी पटवते." नोकरी पक्की झाली. जनकाबाईंनी मला खीर आणून दिली.

मग करुणाने माझ्याकडून शाळेची जुनी पाटी आणि खडू मागून नेला. पाटी तिनं त्या डीपीला टांगली. जो वर चढेल त्यानं आधी नाव लिहायचं, असं गावात सांगितलं. आमच्या लोकांना चांगली सवय लागायला जन्म जातो, पण ही लागली.

परवा तिकडून येत होतो. डीपी उघडा होता, फ्यूज काढलेले होते, पाटीवर 'प्रभू' असं ठळक लिहिलं होतं. आणि खाली उन्हात संपतराव बसलेले.

"काहून बसलात?" मी विचारलं.

"प्रभू वर हाय."

"पाटीवर लिहिलंय की."

"लिव्हलंय, व्हय." ते पाटीकडे बघत राहिले. "मला कुठं वाचता येतं, गुरुजी? त्याच्या बायकूनं सांगितलं म्हणून समजलं. आता तो उतरस्तोवर मी हलत न्हाई."

घरी येऊन मी हे करुणाला सांगितलं. माझ्या शाळेच्या पाटीचा मला जो अभिमान वाटत होता, तो वाटेतच गळून गेला होता. तिनं लॅपटॉप मिटला, तांब्या भरून घेतला आणि चपला घातल्या. मी मागोमाग गेलो. तिनं संपतरावांपुढे पाणी ठेवलं आणि त्यांच्या शेजारी मातीत बसली. प्रभू खाली उतरेपर्यंत दोघंही त्या खांबाकडे बघत होती.