बुवांची पट्टी आणि ऑर्गनवाल्या बाई

पहिली घंटा व्हायच्या आधी बाई ऑर्गनवर एकच सूर दाबून धरायच्या. पायाने भाता चालू, मान डावीकडे कललेली, आणि रंग लावून समोर उभ्या असलेल्या गायकाला एकच प्रश्न, "आज आवाज कुठे आहे?" पाठ झालंय का, बरं वाटतंय का, असलं काही नाही. तो 'आ' लावायचा आणि त्याला आज किती वर न्यायचं ते बाई ठरवायच्या. आमच्यातले दातांचे डॉक्टरसुद्धा त्यांच्यापुढे मुकाट्याने तोंड उघडून उभे राहायचे.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, जे कार्यक्रमाच्या फोटोत कधी नसतं आणि ज्याच्याशिवाय कार्यक्रम होत नाही. आमच्या हौशी संगीत नाटक मंडळात बाई ऑर्गन वाजवायच्या आणि मी तबला. दिवसा त्या शाळेत गणित शिकवायच्या, मी विम्याच्या कचेरीत. इंदिरानगरच्या गणपतीत हौस म्हणून एक नाटक केलं, लोकांना आवडलं, आणि मग कुणालाच थांबता येईना. सातपूरच्या कारखान्यातला फिटर आमचा सेनापती, दातांचे डॉक्टर विदूषक. तलवारी पत्र्याच्या, शेले भाड्याचे. लोक ड्यूटीवरून थेट तालमीला यायचे आणि पोळीचा घास गिळता गिळता स्वगत म्हणायचे. काय दिवस होते! तिसरी घंटा झाली, धुपाचा वास आला आणि बाईंनी नांदीचा सूर धरला की मी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचो. विम्याच्या कचेरीत मी सारखा तेच बघायचो.

आणि आमचे नायक म्हणजे बुवा. पोस्टात नोकरीला, पण चालणं राजाचं. गाणारा ज्या सुराला 'सा' मानतो ती त्याची पट्टी, आणि बुवांची पट्टी होती पांढरी चार. पुरुषाने एवढ्या वर गायचं म्हणजे खायचं काम नाही. नाटकाच्या वहीत प्रत्येक पदावर त्यांनी स्वतःच्या हाताने 'पांढरी चार' लिहून ठेवलं होतं. एका सत्कारात तर माइक धरून त्यांनी जाहीर केलं, "ज्या दिवशी माझी पट्टी उतरेल, त्या दिवसापासून तोंडाला रंग लावणार नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनी नाही. "साठीला आलेत," परत येताना त्या म्हणाल्या. "असलं माइकवर बोलायचं असतं का? आता निस्तरा आपण."

निस्तरायची वेळ पेठच्या प्रयोगात आली. बुवांचा घसा बसला होता. बाईंनी मला विंगेत गाठलं.

"तबला अर्धा सूर खाली लाव."

"बाई, पण बुवा?"

"बुवांना सूर कोण देतं? मीच ना? मग ते तिथेच गातील. तू तोंड बंद ठेव."

बुवा गायले. असे रंगले की तिसऱ्या पदाला वन्स मोअर पडला. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग ते सुरूच झालं. दर दोन-तीन वर्षांनी बाई आणखी अर्धा सूर हळूच काढून घ्यायच्या. अडचण एकच होती. बुवा रंगपटात मोबाइलवर पांढरी चारचा तानपुरा लावून बसायचे. बाई आत जायच्या, "बुवा, चार्जिंग संपत आलंय, द्या इकडे," म्हणायच्या आणि भरलेला फोन उचलून आणायच्या. पुढे तर इतका खालचा सूर माझ्या छोट्या तबल्यात बसेना, म्हणून मी मोठ्या तोंडाचा घेतला. बुवांनी विचारलं, "नवा?" मी म्हटलं, "जुन्याची शाई उडाली." बुवा "बरं" म्हणाले. नांदगावला प्रयोगानंतर एक म्हातारे त्यांचा हात सोडेनात. "लय भारी आवाज हाय बुवा तुमचा, जरा बी उतरला नाय." मी तबल्याला गवसणी घालण्यात गढून गेलो.

एकदा न राहवून मी बाईंना म्हणालो, "सांगून टाकू या."

"ते शब्दाचे पक्के आहेत. गाणं सोडतील. आणि गाणं सोडून तो माणूस घरी बसून करेल काय, सांग मला."

पुढच्या प्रयोगालाही मी मोठाच तबला घेऊन गेलो.

पन्नासाव्या प्रयोगाच्या आठ दिवस आधी बाई भाजीबाजारात घसरल्या आणि मनगट मोडलं. ऑर्गनला एक नवीन मुलगी आली. हुशार, पण वहीतलं तेच वाजवणारी. मी बाईंना फोन केला.

"तिला सांगितलंस तर सगळ्या रंगपटात बोभाटा होईल," बाई म्हणाल्या. "नाही सांगितलंस तर भर प्रयोगात त्यांचा आवाज फाटेल. काय ते तू बघ. माझा हात गळ्यात आहे."

नाट्यगृह गच्च भरलं. मी दोन्ही तबले नेले होते. दुसरी घंटा झाली तरी माझं ठरेना. शेवटी बाईंचं गुपित फोडवेना म्हणून मी वहीप्रमाणे छोटा तबला पुढे ओढला. तेवढ्यात मुकुट घातलेले बुवा स्वतःच पडद्याबाहेर येऊन रंगमंचापुढे खाली बसलेल्या आमच्यावर वाकले.

"हा छोटा कशाला काढलास? नेहमीचा लाव." मग ते मुलीकडे वळले. "बेटा, वहीत काही असू दे. माझी पट्टी काळी एक."

बाईंनी त्यांना उतरवत आणलं होतं ती नेमकी हीच पट्टी. "बुवा, तुम्हाला..."

"पेठलाच कळलं. गळा माझा आहे रे." शेला सावरत ते थांबले. "बाईंना बोलू नकोस. मला माहीत नाही असं वाटतंय त्यांना. एवढ्या जिवाने सांभाळतायत."

तिसरी घंटा झाली. त्या दिवशी बुवा जे गायले, ते मी पुन्हा ऐकलं नाही. तीन वन्स मोअर, आणि शेवटी लोक खुर्च्यांवरून उठलेले. माझी बोटं सुजली होती आणि मला ते घरी जाईपर्यंत कळलं नव्हतं.

सकाळी बाईंकडे गेलो. चप्पल काढायच्या आतच त्यांनी विचारलं, "कळलं त्यांना?"

"नाही बाई. मी मुलीला खूण केली, तिने सांभाळून घेतलं."

बाई हसल्या आणि मग प्लास्टर नसलेल्या हाताने डोळे पुसायला लागल्या. "म्हणजे अजून पाच वर्षं निघतील," म्हणाल्या. खोटं बोलून इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

मनगट जुळलं, पण त्याच हिवाळ्यात बाईंना मोठं दुखणं लागलं आणि त्या गेल्या. शोकसभा तालमीच्या हॉलमध्ये झाली. सगळे बोलले, बुवा उठले नाहीत. लोक पांगल्यावर मी चपला शोधत होतो तेव्हा ते शेजारी येऊन उभे राहिले.

"मला कळलं होतं, ते तू बाईंना सांगितलं नाहीस ना?"

"नाही बुवा. तुम्हीच नको म्हणाला होतात."

त्यांनी एक चप्पल पायात घातली, दुसरी हातातच राहिली.

"सांगायला हवं होतंस रे," ते म्हणाले. "आता मी त्यांचे आभार कधी मानायचे?"