पाणी भरलेला रेडिएटर

१६ नोव्हेंबर. उद्या सकाळी जीप गॅरेजला द्यायची आहे, म्हणून मागचा माल उतरवते आहे. बांगड्यांचे डबे, टिकल्यांची पाकिटं, रिबिनी, कंगवे. अर्धं काम झालं आणि मी पायरीवर बसून वही उघडली. जे लिहिणार आहे ते नवऱ्याला माहीत नाही, बहिणीला माहीत नाही. ऐकणारे पहिले तुम्हीच.

आमचं बांगड्या-कटलरीचं दुकान चंद्रपुरात. दुकान नवरा पाहतो. गडचिरोलीकडचे आठवडी बाजार मी करते. एकटी, डिझेल जीप घेऊन. जीप जुनी. सध्या काळा धूर सोडते, चढावर दम टाकते. देवरावभाऊ मिस्त्री म्हणाले, "भाभी, इंजिनच बदलून टाका." उद्या ते हे इंजिन काढून दुसरं बसवणार आहेत.

मला वाटतं, बदलायची गरज नाही. नोझल साफ केले, टॅपेट सेट केले, पंपाचं टायमिंग लावलं, म्हणजे नुसतं ट्यूनिंग केलं, की भागेल. इतकी वर्षं चालवते आहे, एवढं कळतं. मग तसं म्हणत का नाही? म्हटलं तर ते विचारतील ना — "मागच्या वेळी माझ्या ट्यूनिंगचं काय झालं, विसरल्या काय?"

विसरले नाही. तिथेच तर सगळं आहे.

नऊ वर्षांपूर्वी याच जीपमध्ये पहिलं इंजिन होतं, तेही असंच थकलेलं. सगळे म्हणत होते, बदला. देवरावभाऊंनी लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घेतला, टोक चालू इंजिनवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. ही त्यांची पद्धत. मग गॅरेजात बसलेल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "याले काई झालं नाई. पाच वर्षं माझ्या शब्दावर चालवा." दिवसभर खपून ट्यून केलं. निघताना एकच बजावलं — इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल झाला की थांबायचं, इंजिन थंड होऊ द्यायचं, मगच पाणी टाकायचं.

"मले काय नवीन सांगता, भाऊ?" मी म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यात एटापल्लीचा बाजार आटोपून निघाले. चढाला काटा लाल झाला. मी तो पाहिला — हे नीट वाचा — पाहिला आणि थांबले नाही. मागून बाजारवाल्यांचा मेटॅडोर येत होता. चपलावाले, कापडवाले. सकाळीच त्यातला एक ओरडला होता, "भाभी, बंद पडली तं आवाज द्या, दोरी ठेवली हाय!" बोनेट उघडून रस्त्यात उभी मी त्यांना दिसले असते. हे कारण म्हणून सांगत नाही. घडलं तसं सांगते.

चढ संपल्यावर नाल्याजवळ झाडाआड जीप घातली. मेटॅडोर जाऊ दिला. फडकं धरून रेडिएटरचं झाकण उघडलं आणि उकळत्या इंजिनात नाल्याचं थंड पाणी ओतलं. पाइपची क्लिप ढिली होऊन पाणी गळालं होतं, ती पक्कडीनं आवळली. रेडिएटर काठोकाठ भरला. दोन-तीन किलोमीटर गेले — आणि इंजिन जाम.

ट्रकवर घालून जीप चंद्रपूरला आणली. देवरावभाऊंनी हेड उघडलं. चिरलं होतं. रेडिएटर पाहिला, भरलेला. पाइप पाहिले, घट्ट. पाणी कमी पडल्याची खूणच नव्हती.

"काटा लाल झालता काय, भाभी?"

"नाई. हिरव्यातच होता."

"थोडासाई?"

"नाई म्हटलं ना."

त्यांनी विश्वास ठेवला. मग चुकणारा उरला कोण? "तं मंग टायमिंग माझंच पुढं लागलं असन," ते म्हणाले. सगळ्यांसमोर. कुणीतरी हसलं, "मिस्त्री, कानातला मळ काढा आता!" मी तिथेच होते. मी काय केलं? ओढणी सारखी केली आणि चहा संपवला.

दुसरं इंजिन त्यांनीच शोधून बसवलं. पण तेव्हापासून त्यांनी पेचकस कानाला लावलेला मी पाहिला नाही. जुनं इंजिन घेऊन कुणीही येवो — बदलून टाका. किती चांगली इंजिनं त्या दिवसापायी भंगारात गेली असतील? आणि वर नव्या ड्रायव्हरांना काय सांगतात, ठाऊक आहे? "गाडी चालवनं भाभीकडून शिका. काटा कधी लाल होऊ देत नाई." ही तारीफ मी नऊ वर्षं ऐकून घेते आहे. मान हलवते.

मधेच उठून माल उतरवायला गेले होते. एकच डबा दोनदा आत नेला आणि परत बाहेर आणला. ते चिडतील याची भीती नाही. ते विचारतील, तेव्हाच काऊन नाई सांगितलं — मग मी काय सांगू?

१७ नोव्हेंबर. नऊच्या आधी पोचले. इंजिन उचलायची साखळी-कप्पी टांगून तयार होती. चहा पिणारे बसलेले होते. ते उठायची वाट पाहिली नाही. सांगितलं सगळं — काटा, मेटॅडोर, नाला, क्लिप. हेही म्हटलं, या इंजिनाला एकदा कान लावून पाहा, ट्यूनिंगमध्ये भागेल. कुणी हसलं नाही.

देवरावभाऊंनी एवढंच विचारलं, "किती वेळ लाल होता?"

"पूर्ण चढभर."

ते फडक्यानं हात पुसत राहिले. मग जीप चालू करायला सांगितली, पेचकस टेकवला, कान लावून वाकून उभे राहिले. बराच वेळ. मला वाटलं — काय वाटलं ते जाऊ द्या.

"बंद करा," ते म्हणाले. "पह्यले कान लावला का समजे. आता निस्ता आवाज येते."

आणि इंजिनाचे बोल्ट खोलायला लागले. साखळी ओढायला एक माणूस हवा होता. मी ओढली.