पुढच्या अ‍ॅक्सलचा एक दात

मामंजींची चादर पिळायला दोन माणसं लागतात. एक टोक माझ्याकडे, दुसरं भावजींकडे, आणि दोघांनी उलट बाजूंना पीळ द्यायचा. आज सकाळी निम्मं पाणी निथळलं असेल नसेल, तोच फाटकाशी हॉर्न वाजला. कंत्राटदार आला होता. भावजींनी आपलं टोक पिळलेलं तसंच नळावर अडकवलं, हात पँटला पुसले आणि म्हणाले, "वहिनी, देवाला काय सांगायचं असेल ते आत्ताच सांगून टाका."

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. चाळिशी कधीच ओलांडली, लग्न झालं नाही, आणि घर सोडून ते एक रात्र बाहेर राहिल्याचं मला आठवत नाही. अंगणातलं गॅरेज मामंजींचं. अर्धांगाचा झटका येऊन मामंजी अंथरुणाला खिळले, तेव्हापासून भावजी एकटे चालवतात. एकटे म्हणायचं आपलं! मामंजींची खाट खिडकीला लागून आहे आणि खिडकी गॅरेजकडे उघडते. काठीची एक टक गजावर पडली की 'इकडे ये'. लागोपाठ टकटक झाली की 'गाढवा, हे काय करतोयस?' गाडीखाली असताना हातातून पाना निसटला, तर भावजी आधी खिडकीकडे बघतात, मग पान्याकडे.

या कंत्राटदाराला डोंगरावर विजेचे मनोरे उभारायचे आहेत. माणसं आणि सामान वर न्यायला त्याला असा माणूस हवा, ज्याची जीप स्वतःची आणि दुरुस्तीचा हातही स्वतःचा. राहायचं वर छावणीतच. भावजींनी मला हे सांगितलं, ते इतक्या हळू आवाजात की मला वाटलं, कुणी गेलं की काय.

जीप त्यांनी भंगारातून आणून उभी केलेली. खडकाळ चढासाठी मोठी चाकं चढवली, तर इंजिनाला ती ओढवेनात. मग दोन्ही अ‍ॅक्सलमधले क्राउन-पिनियन बदलायला घेतले. क्राउन म्हणजे मोठं दातेरी चाक, पिनियन म्हणजे त्याला फिरवणारं मुठीएवढं. पुढच्या आणि मागच्या जोडीचे दात सारखे असावे लागतात, नाहीतर चारही चाकांना जोर दिला की गाडी स्वतःशीच भांडते. हे मला भावजींनीच शिकवलं, भाजी निवडता निवडता.

या गॅरेजात दात एकट्यानं मोजायचे नाहीत. दोघांनी वेगवेगळे मोजायचे, आकडा जुळला तरच बसवायचं. हा मामंजींचा नियम. "एकट्यानं मोजलं तर देवसुद्धा चुकेल," असं ते म्हणायचे. मला ते बोलणं कधी आवडलं नाही. मागच्या आठवड्यात पुढचं पिनियन आलं, तेव्हा भावजींनी आधी स्वतः मोजलं, मग रॉकेलनं धुऊन, पुसून, फडक्यासकट मामंजींच्या मांडीवर ठेवलं. मी त्यांच्या पाठीला उशी लावत होते. मामंजी उजव्या हाताचं बोट एकेका दातावरून फिरवत राहिले. ओठ हलत होते. मग त्यांनी आकडा सांगितला, मागच्या पिनियनएवढाच. भावजी फडक्यावरचं पिनियन पुन्हा न्याहाळू लागले.

"काय रे, जुळत नाही?"

"जुळतं की, अप्पा."

आणि त्याच दिवशी बसवलं.

आज भावजी आणि कंत्राटदार जीपची परीक्षा घ्यायला खाणीकडे गेले आणि मी देवासमोर बसले. डोळे मिटले तरी जीपच दिसत होती. देवा, चढू दे रे, एवढंच म्हणत राहिले. देवानं ऐकलंही. खाणीचा सुट्या दगडांचा चढ जीप पालीसारखी सरसर चढली, असं नंतर कंत्राटदारच म्हणाला. खाली उतरण्याचं मागायचं मात्र माझ्याकडून राहून गेलं होतं.

कारण पक्क्या रस्त्याला लागल्यावर पुढच्या चाकांचा जोर काढायला भावजींनी दांडा ओढला, तर तो हलेचना. जीप कण्हत, टायर घाशीत कशीबशी घरापर्यंत आली आणि बरोबर फाटकात रुतून बसल्यासारखी थांबली. तोंड अंगणात, ढुंगण रस्त्यावर. पुढे येईना, मागे जाईना.

समोरचा शिंपी दुकानातून ओरडला, "अहो, आत यायचंय की बाहेर पडायचंय, एकदा काय ते ठरवा!"

रस्त्यावरची माणसं हसली. कंत्राटदारही हसला. भावजी हसले नाहीत. खिडकीतून टकटकटक सुरू झालं होतं. "सगळे लांब व्हा," म्हणत त्यांनी एका चाकाखाली जॅक लावला. चाक जमिनीवरून सुटलं मात्र, हिसका देऊन आपोआप गर्रकन फिरलं. दांडा सैल झाला. मी मोठ्यानं देवाचं नाव घेतलं.

"माणूस पसंत आहे," कंत्राटदार जाताना म्हणाला. "गाडीचं भांडण मिटवून सोमवारी या. नाही आलात तर दुसरा बघतो, मग मनात काही ठेवू नका."

जीप आत घेऊन भावजी नळाशी आले. चादरीचं टोक उचललं, पण पीळ देईनात.

"मधला शाफ्ट अस्साच पिळला गेला होता, वहिनी. पुढची चाकं एक म्हणतात, मागची दुसरं. सुट्या दगडांत घसरून पीळ सुटत होता. पक्क्या रस्त्यावर कुठे सुटणार?"

"पण दात तर मोजले होते ना दोघांनी?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "माझ्या मोजण्यात एक दात कमी होता."

"मग बसवलंत कशाला?"

"आयुष्यभर तेच बरोबर निघालेत. म्हटलं, माझंच चुकलं असेल. खरं सांगू? चुकलं नव्हतं, ते मला कळत होतं. त्यांच्या बोटांना आता दात कळत नाहीत. हे त्यांना कोणी सांगायचं?"

गजावर एकच टक पडली. आम्ही दोघंही आत गेलो.

"आता पुढचं उघडणार?" मामंजींनी विचारलं. झटक्यानंतर त्यांची जीभ जड झाली आहे, पण आम्हाला कळतं.

"उघडायला लागेल, अप्पा."

"का?"

भावजींच्या तोंडावर ते सगळं आलेलं मी पाहिलं. मग ते म्हणाले, "भंगारवाल्यानं गंडवलं. पिनियन भलत्याच गाडीचं निघालं."

"पण मोजलं तर मी होतं."

मामंजींनी उजवा हात चादरीवर पालथा ठेवला, डाव्या हातानं त्याची बोटं एकेक करून दाबली.

"दुसरं आण," ते म्हणाले. "आणलंस की इथे दे. मी मोजल्याशिवाय बसवायचं नाही."

"हो, अप्पा."

बाहेर येऊन आम्ही चादर पिळली. भावजींनी इतका जोर लावला की शिवण उसवली. मी म्हटलं, "यावेळी त्यांच्याआधी मी मोजते. तांदळातला पांढरा खडा अजून दिसतो मला. दोघांनी मोजायचं, एवढाच नियम आहे ना?"

"आणि अप्पांचा आकडा वेगळा आला तर?"

"सोमवारी तुम्ही डोंगरावर असायला हवं, भावजी. त्यांचं करायला मी आहे."

"मी ते विचारलं नाही, वहिनी."

ते विचारलं नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं. संध्याकाळची प्रार्थनाही झाली. भावजींनी जीपखाली पोतं अंथरलंय आणि पुढच्या अ‍ॅक्सलमधलं तेल तसराळ्यात सोडलंय. थेंब थेंब वाजतोय. खिडकी उघडीच आहे.

उद्या सकाळी भावजींना भंगारबाजारात जायचंय, एक दात जास्त असलेलं पिनियन आणायला.