मावशींना चक्कर आली नव्हती

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. आमच्या दुर्गाघाटच्या गल्लीत एका घरात फोडणी करपली तरी चार घरांना कळतं. तिथे मी एक गोष्ट चार वर्षं दडवून ठेवली. गेल्या महिन्यात ज्यांना सांगायची होती त्यांना सांगितली, आता तुम्हाला सांगतो. बसा जरा.

आधी माझी ओळख द्यावीच लागेल, कारण सगळी शरम तिथेच आहे. मी विम्याच्या ऑफिसात आहे, गाड्यांच्या अपघातांचे दावे बघतो. दर जानेवारीत शाळाशाळांतून रस्ता सुरक्षेवर बोलायला मलाच पाठवतात — आवाज मोठा आहे ना! झेब्रा क्रॉसिंगवर पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा, गाडीनं थांबायचं. धडक बसलीच तर गाडीवाल्यानं जखमीला अस्पतालात न्यायचं, पोलिसांना कळवायचं. जखमी माणूस तक्रार करू शकतो, भरपाईचा दावा लावू शकतो. गाडीचा विमा त्यासाठीच तर असतो. झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेन. मग मला काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं.

आता कमलमावशी. माझ्या आईची मैत्रीण. शेजारच्या घरात भाचा श्रीधर आणि त्याच्या बायकोबरोबर राहतात. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही, आणि जिभेला अशी धार की भाजीवाला तराजूला हात लावायच्या आधी दोनदा विचार करायचा. नेम एकच — थंडी असो की उन्हाळ्यातली भाजून काढणारी लू, पहाटे गंगास्नान. बाढ येऊन पायऱ्या बुडाल्या तर तेवढे दिवस नाइलाज. एरवी लहानपणापासून कधी चुकलं नाही.

ती सकाळ थंडीतली होती. पुण्याहून पाहुणे आले होते आणि त्यांना मलइयो खाऊ घालायचा मला भारी सोस. मलइयो म्हणजे दुधाचा केशरी फेस. गार हवेत तो टिकतो, ऊन चढलं की बसतो. मैदागिनहून मातीचे सहा कुल्हड भरून घेतले, पिशवी स्कूटरच्या हॅण्डलला अडकवली आणि एक हात पिशवीवर ठेवून निघालो. का? सांडू नये म्हणून! नजर रस्त्यावर नव्हतीच हो, पिशवीवर होती.

पांढरे पट्टे होते. पुसट, पण होते. त्यांवरून कोणी तरी चाललं होतं — एक शाल, हातात फुलांची परडी — आणि धडकलोच.

थांबलो मी. पण त्याचं मोठेपण मला देऊ नका. थांबलो, कारण खाली पडलेल्या त्या मावशी होत्या, स्नान उरकून देवाला फुलं घेऊन परतत होत्या. दुसरं कुणी असतं तर पळालो असतो का? खरंच माहीत नाही. त्यांचं मनगट मोडलं होतं, भुवईवर रक्त होतं. धक्का बाजूनं बसला होता, कुणाचा ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. “देख के चलावा गुरू!” म्हणून एक दूधवाला माझ्यावर ओरडला आणि धुक्यात निघून गेला. मावशींनी डोळे उघडले तेव्हा मी त्यांना उठवत होतो. “बरं झालं रे तू आलास,” म्हणाल्या.

बरं झालं मी आलो!

स्कूटर एका दुकानापाशी लावली आणि बॅटरीवाली रिक्षा केली. वाटेत त्या सारख्या म्हणत होत्या, कशानं तरी धडकलं मला. आणि मी — आता किती आढेवेढे घेऊ? — मी म्हणालो, “नाही मावशी, तुम्हाला चक्कर आली. मी लांबून बघितलं.”

अस्पतालात डॉक्टरनं विचारलं, तर त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच उत्तर दिलं. कागदावर तेच चढलं. श्रीधरलाही तेच सांगितलं. गल्लीभर माझं नाव झालं, देवासारखा धावून आला म्हणे.

मनगट दीड महिन्यात जुळलं. चक्कर मात्र बरी होईना. कशी होणार? नव्हतीच! तरी गोळ्या सुरू झाल्या. श्रीधर म्हणाला, आता घाटाच्या पायऱ्या बंद. त्याचं काय चुकलं? आत्या भर रस्त्यात पडते म्हटल्यावर तिला शेवाळलेल्या पायऱ्यांवर कोण सोडेल? तो रोज कॅन भरून गंगेचं पाणी आणायचा आणि मावशी न्हाणीघरात बादलीनं अंघोळ करायच्या. गंगा दारापासून चार पावलांवर, आणि ह्यांच्या वाट्याला बादली.

सुरुवातीला भांडल्या. मला धडकलं होतं, सांगते ना! मग घरचे एकमेकांकडे बघायचे — वय झालं, दुसरं काय. हळूहळू मावशी गप्प झाल्या. गणित शिकवणारी बाई, पण तिनं स्वतःच्या डोक्यावरचा भरवसाच सोडला. गॅस बंद केलाय का ते बघायला तीन तीनदा उठायच्या. हाड स्कूटरनं मोडलं होतं. हे मात्र मी माझ्या तोंडानं केलं.

आणि मी? जानेवारी आला की शाळेत उभा. पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा! पोरं टाळ्या वाजवायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण.

भीती कसली होती? कोर्टाची नव्हती, तिथे काय होतं ते मी रोज बघतो. भीती हसण्याची होती. सुरक्षेवर भाषणं देणारा, आणि मलइयो सांभाळता सांभाळता मावशीला ठोकून बसला! बस, एवढीच. एवढ्यासाठी चार वर्षं.

गेल्या महिन्यात डॉक्टरनं मावशींच्या डोक्याची तपासणी करायला सांगितली. त्यांनी मला बोलावलं, चहा दिला, दार लोटून घेतलं. “तू होतास ना तिथे? खरं सांग, मला वेड लागायला लागलंय का रे?” आवाज इतका बारीक की त्यांचा वाटेना.

सांगितलं. पट्टे, पिशवी, रिक्षातलं ते वाक्य — सगळं. मान खाली घालून.

वाटलं, कप फेकून मारतील. त्यांनी कप खाली ठेवला. मग विचारलं, “म्हणजे चक्कर नव्हती?” नव्हती. “मी पट्ट्यांवरच होते?” पट्ट्यांवरच. आणि त्या हसल्या हो! उठून दार उघडलं आणि अख्ख्या घराला ऐकू जाईल असं ओरडल्या, “श्रीधर! ऐकलंस का? धडकलंच होतं मला!” मग माझ्याकडे वळल्या. “मेल्या, चार वर्षं माझ्या हातचा चहा पीत होतास. ऊठ.”

उठलो. दुसऱ्या दिवशी जागा, वेळ, गाडीचा नंबर, माझं खोटं — सगळं लिहून, सही करून एक कागद श्रीधरला दिला आणि एक पोलीस चौकीत. दाव्याची मुदत उरली आहे का ते त्यांचा वकील बघेल. मी त्यातलं एक अक्षर नाकारणार नाही. ऑफिसातही सांगून टाकलं. या जानेवारीत भाषणाला दुसरा कोणी जाईल. गल्लीत हसायचे ते हसतात.

आणि मला — सांगायलाही संकोच वाटतो — हलकं वाटतंय. फार हलकं. जेवण गोड लागतं, झोप लागते. वाटायला नको होतं, कळतं मला. पण वाटतंय खरं.

मावशी माझ्याशी बोलत नाहीत. पहाटे माझ्या खिडकीखालून जातात, वर बघत नाहीत. गोळ्या बंद झाल्या, कॅनही बंद झाला. पहिल्या दिवशी श्रीधर त्यांचा हात धरायला गेला. त्या त्याला काय म्हणाल्या ते मी खिडकीतून ऐकलं. “सोड. मला चक्कर येत नाही.”

आणि उतरत गेल्या, एकेक पायरी, एकट्या.